हो पैसो घरातच रवलो

चवथीच्या चार दिवस आधी मालवणच्या आमच्या घरात माळा उतरवतात. माळा जागेवरच असतो, उतरतं ते त्याच्यावरचं सामान. मोदकपात्र, शिरवाळ्यांचा लाकडी साचा, पितळी परात, जुन्या साडीत गुंडाळलेले दोन झारे. शेवटी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा येतो. काकी तो कुणाच्या हातात देत नाही. त्यात नेवऱ्यांची हत्यारं असतात. इतर महाराष्ट्र जिला करंजी म्हणतो तिला आम्ही नेवरी म्हणतो, आणि ती चवथीलाही लागते नि दिवाळीलाही.

त्या डब्यातलं कातणं मी लहानपणापासून पाहत आलोय, पण नीट बघितलं ते चाळिशी उलटल्यावर. वीतभरापेक्षा थोडी आखूड पितळी दांडी, टोकाला चिरलेली, आणि त्या चिरेत रिव्हेटवर फिरणारं तांब्याचं चाक. चाकाच्या कडेला कानशीने पाडलेले दात, एकही दुसऱ्यासारखा नाही. त्या वर्षी खिडकीजवळच्या तिरप्या उन्हात चाकावर काहीतरी दिसलं म्हणून भिंग आणलं. तागडी होती. दोन पारडी, वर दांडी, आणि दांडीच्या खाली अगदी मधोमध रिव्हेटचं भोक. पारड्यांमध्ये फारसी लिपीतली अक्षरं होती, त्यांचा एक तुकडा भोकात गेलेला.

चाक म्हणजे मुंबई इलाख्याचं पाव आण्याचं नाणं होतं. १८३० ते १८३३ च्या दरम्यानचं, कारण नेमका आकडा दातांनी खाल्लाय. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची ढाल, दुसऱ्या बाजूला तागडी, आणि पारड्यांमध्ये ‘अदल’, म्हणजे न्याय. कंपनीने तागडीचं हे चित्र मुंबईच्या पैशांवर १७९१ पासून वापरलं. त्या पहिल्या खेपेचे पैसे तर इथे पाडलेच नव्हते. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या टांकसाळीत पाडून ते जहाजाने मुंबईला आणले होते. न्याय बर्मिंगहॅमहून आयात होत होता म्हणायचा.

काकीला हे सगळं सांगितलं. तिने कणकीचा गोळा मळता मळता ऐकलं आणि तिच्या सासूचं एक वाक्य सांगितलं. सासू म्हणे नेवऱ्या कातताना दरवर्षी म्हणायची, “खर्चलो असतो तर गेलो असतो. हो पैसो घरातच रवलो.”

एवढ्या एका वाक्याने मला या नादाला लावलं. नाद म्हणजे नाण्यांपासून हाताने केलेली स्वयंपाकघरातली हत्यारं हुडकणं. निव्वळ नाणी जमवणारे पुष्कळ, जुनी भांडी जमवणारेही बरेच. या दोघांच्या सीमेवरची ही वस्तू मात्र दोघांनाही नकोशी असते. त्याबद्दल पुढे.

आधी प्रश्न असा की नाणंच का? तांब्याचा पत्रा मिळत नव्हता का?

मिळत होता, पण कोकणात तांब्याची खाण नाही. इथलं तांबं समुद्रावरून आलेलं. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, आणि डच कंपनी त्या काळी जपानचं तांबं हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर आणून विकत असे. नंतर विलायती तांबं आलं. भांडी व्हायची ती बाहेरून आलेल्या पत्र्याची, आणि पत्र्याचा शुद्धपणा कासाराच्या शब्दावर. नाण्याला मात्र सरकारचा शब्द होता. १८३५ च्या कायद्याने पाव आणा, म्हणजे एक पैसा, १०० ग्रेनचा ठरला, आजच्या हिशेबाने साधारण ६.४८ ग्रॅम. रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे एक रुपया मोडला की हातात जवळजवळ ४१५ ग्रॅम तांबं पडे, मोजलेलं, छापलेलं, दुकानदाराशी हुज्जत न घालता.

पण माझ्या मते खरं कारण तांबं नव्हे. खरं कारण गोलाई.

शिवराईचा एखादा पैसा हातात घेऊन बघा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासूनचं हे तांब्याचं नाणं, आणि पुढे त्याच्या दुदांडीसारख्या जाती एकोणिसाव्या शतकातही गावोगाव फिरत होत्या. हातोड्याने पाडलेलं नाणं ते. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, कड कुठे फुगलेली, कुठे फाटलेली. प्रत्येकाचा आकार वेगळा, आणि त्याचं रूप त्यातच आहे. पण असं नाणं रिव्हेटवर बसवून कणकेवर फिरवलंत तर ते लंगडत चालेल. दर फेऱ्याला एकदा पोळी कापायचीच राहील. कातण्याला चाक लागतं ते बिनचूक गोल, आणि गावच्या लोहाराला किंवा तांबटाला हाताने इंचभर व्यासाची बिनचूक गोल चकती कापणं हे वेळखाऊ काम. १८२४ ते १८३० या काळात मुंबईत नवी टांकसाळ उभी राहिली, वाफेची यंत्रं आली, आणि नाणी ‘कलदार’ झाली. कल म्हणजे यंत्र. मालवणच्या कुणा कारागिराला दर पैशामागे एक अचूक वर्तुळ फुकट मिळायला लागलं. त्याने मधोमध भोक पाडलं, कडेला कानस मारली, आणि झालं. टांकसाळीने त्याचं निम्मं काम करून ठेवलं होतं.

आमच्या कातण्याचं चाक पाच-सहा पिढ्यांच्या नेवऱ्या कातूनही लंगडत नाही. भोक मात्र थोडं लांबट झालंय, एकाच दिशेने. आमच्या घरातल्या सगळ्या बायका कातणं उजव्या हाताने, बाहेरच्या बाजूला ढकलत चालवतात, त्याची ती खूण.

आता थोडं स्वयंपाकघराबद्दल. मालवणी स्वयंपाकघराला दोन काठ आहेत, एक आंबट आणि एक कोरडा. नाणी फक्त कोरड्या काठावर सापडतात. हे कळायला मला तीन वर्षं लागली, आणि काकीला ते आधीपासून ठाऊक होतं.

आंबट काठावर सोलं, म्हणजे कोकमं, आहेत. सोलकढी, तिवळ, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, सुंगटांची आमटी. सोलाचं आम्ल तांब्या-पितळेला लागलं की अन्न कळकतं. ‘कळकणं’ हे क्रियापद ज्या भाषेला लागलं तिने तांब्याची चव चाखलेली असणार. तोंडात येणारी ती जिभेला चिकटणारी कडवट धातूची चव, आणि भांड्याच्या कडेला धरलेला हिरवा थर. म्हणून तर तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लागते. कल्हईवाला यायचा, अंगणात खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि त्या पांढऱ्या धुराचा वास दोन दिवस घरात रेंगाळायचा. पण ढवळण्याच्या चमच्याला कोण कल्हई करत बसणार? म्हणून आंबट काठावर राज्य मातीच्या मडक्याचं आणि करवंटीच्या डवलीचं. नारळाच्या करवंटीला दोन भोकं, त्यांतून ओवलेली बांबूची काठी. सोलाचं तिला काही वाटत नाही. तुटली तर चुलीत जाते, नवी करायला नारळ असतोच. डवलीत नाणं बसवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

कोरड्या काठावर मात्र गंमत आहे. कातणं फक्त कोरड्या कणकेला शिवतं, तेही क्षणभर, आणि कापलेली कड लगेच तेलात जाते. सांडशीच्या दोन पात्यांमधला रिव्हेट अन्नाला लागतच नाही. झाकणाच्या मुठीखालचा वायसर बाहेरच्या अंगाला. तराजूतलं वजन तर अन्नाच्या पलीकडच्या पारड्यात. नाणी गेली ती या जागांवर. कुणी ठरवून केलेलं नाही हे. कळकलेली एक आमटी पुरे असते, घर शिकतं.

तराजूचं निघालंच आहे तर रुपयाबद्दल सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरातलं सर्वात जास्त वापरलेलं नाणं हे कातण्यातलं नव्हे. ते एक अखंड, न तोडलेलं, न घासलेलं नाणं होतं. चांदीचा रुपया, बायांच्या तोंडी ‘राणीछाप’.

१८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा म्हणजे १८० ग्रेन ठरवला आणि रुपया त्याच वजनाचा पाडला. ११.६६ ग्रॅम. म्हणजे खिशातला रुपया हाच तोळ्याचं वजन. ८० रुपयांचा सरकारी पक्का शेर, २० रुपयांचा पावशेर, १० रुपयांचं नवटाक. केशर-वेलदोडा मोजायला, बाळंतिणीच्या डिंकाला, गुटीच्या मात्रेला ‘रुपयाभार’ हे माप जुन्या बायांच्या तोंडी असे, आणि घरात वजनं नसली तरी ट्रंकेच्या तळाशी दोन-चार रुपये असत. राजा बदलला, तोंड बदललं, पण वजन तेच राहिलं. त्यात चांदी ११ भाग नि हिणकस धातू १ भाग, हे सोनाराला आणि सासूला दोघांनाही पाठ. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ चा रुपया तर निकेलचा. तोवरचे रुपये लोकांनी दडपून ठेवले. त्यांतले पुष्कळ पुढे पैंजणात गेले, निरांजनात गेले, लेकींच्या लग्नात देवाच्या ताम्हनात वितळले.

चांदीच्या रुपयाचं हे वितळणं मला कधी फारसं खुपलं नाही. त्यात नाण्याचं रूप संपतं आणि चांदी शिल्लक राहते, हिशेब साफ. कातण्यातला पैसा तसा नाही. तो नाणंही आहे आणि चाकही.

मासळीबाजारात मात्र या सगळ्या वजनांना कुणी विचारत नव्हतं. कोकणात मासे वाट्याने मिळतात. समोर मांडलेला ढीग म्हणजे एक वाटा, घ्यायचा तर घ्या. तागडीवरच्या ‘न्याया’ला मालवणच्या मासळीबाजारात कधीच जागा नव्हती, आणि गाबतीण समोर बसलेली असताना ती कुणी मागितलीही नसती.

तांब्याच्या पैशाची गोष्ट पुढे रोडावत गेलेली आहे, अक्षरशः. १९०६ पासून तांब्याऐवजी कांस्य आलं आणि पैसा ७५ ग्रेनचा झाला, ४.८६ ग्रॅम. रुपयाच्या पैशांत आता ३११ ग्रॅम धातू. मग दुसरं महायुद्ध आलं, धातूला बंदुका-काडतुसांकडून मागणी आली, आणि १९४३ साली सरकारने पैशाच्या मध्यालाच भोक पाडलं. दोन ग्रॅमची पातळ चकती, मध्ये मोकळा गोल. ६४ पैसे मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. शंभर-सव्वाशे वर्षांत पैशाची किंमत कायद्याने तेवढीच राहिली, रुपयाचा चौसष्टावा भाग, आणि अंगावरचं मांस एक तृतीयांशाहून कमी उरलं.

हा ‘भोकाचा पैसा’ १९४७ पर्यंत निघाला. माझ्या मते हिंदुस्थानात कुठल्याच नाण्याने इतकी हातची कामं केली नसतील. पोरांच्या कमरेच्या करगोट्यात तो ओवला गेला. दाराच्या बोल्टखाली, बैलगाडीच्या साट्यात, लाकडी मुठीच्या बुडाशी तो वायसर म्हणून बसला. सरकारने धातू वाचवायला पाडलेलं भोक लोकांच्या नेमकं कामाचं निघालं. कातण्याला मात्र तो निरुपयोगी. भोक इतकं मोठं की त्याच्यासाठी खुंटी जाड करावी लागेल, आणि अंग इतकं पातळ की दात पाडता पाडता वाकेल. मी पाहिलेल्या जुन्या कातण्यांची चाकं होती ती सगळी कंपनीच्या नाहीतर राणीच्या जाड पैशाची, सव्वा मिलिमीटरच्या वर जाडीची. नंतरची चाकं सरळ पितळी पत्र्याची, बाजारात तयार मिळणारी.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे, पै, चवली, पावली, अधेली ही सगळी भावकी हळूहळू डब्यांत जाऊन बसली. बाजारात चालेना, फेकवेना, आणि मोडीत किलोला मिळून मिळून किती मिळणार? कोकणात या मेलेल्या नाण्यांना डब्यांतच दुसरा जन्म मिळाला. इथे रोकड तशी दुर्मिळच होती. भात घरचं, नारळ परड्यातले, मासे वाट्याचे, न्हाव्या-सुताराला वर्षाचं धान्य. रोख पैसा मुंबईहून मनीऑर्डरने यायचा, गिरणीत पाळी करणाऱ्या मुलाचा किंवा नवऱ्याचा. एवढ्या लांबून आलेला पैसा चालायचा बंद झाला म्हणून कोण टाकून देईल?

समुद्रापलीकडे हीच गोष्ट बरोबर शंभर वर्षं आधी घडली होती. अमेरिकेत १७९३ पासून तांब्याचा मोठा सेंट निघत असे, आमच्या ढबू पैशासारखा दणकट, इंचाहून थोडा मोठा. १८५७ मध्ये तो बंद झाला आणि छोटा सेंट आला. तिथे पाय नावाचा झाकणबंद गोड पदार्थ घरोघर होतो. त्याची कड कातायला तिकडच्या लोहारांनी, सुतारांनी आणि हौशी नवऱ्यांनी या मोठ्या सेंटांना दात पाडले आणि लाकडी किंवा पितळी दांडीत बसवलं. आज ती कातणी जमवणारे तिकडे बरेच आहेत. त्याच किनाऱ्यावरून देवमाशांच्या शिकारीला गेलेले खलाशी तीन-तीन, चार-चार वर्षं समुद्रावर असत. रिकाम्या वेळात ते देवमाशाच्या दातांची आणि हाडांची कातणी कोरत, घरी वाट बघणाऱ्या बायकोसाठी. न्यू बेडफर्डच्या देवमासे-शिकारीच्या संग्रहालयात ती ओळीने मांडलेली आहेत, काही इतकी नाजूक की त्यांनी कधी कणीक कापली असेल असं वाटत नाही. इंग्लंडमध्ये तर गरम मद्य वाढायच्या चांदीच्या पळ्या नाणं ठोकून करत, बुडाला एक अखंड नाणं जडवत आणि दांडीला देवमाशाच्या जबड्यातली लवचीक पट्टी पिळून लावत.

तिकडच्या कातण्यांत आणि आमच्यात एक फरक मला बोचतो. तिकडे ती वस्तू प्रेमाची म्हणून ओळखली गेली. लिलावात विकली गेली, पुस्तकांत छापली गेली. इकडे ती ‘कामाची’ राहिली, आणि कामाची वस्तू जुनी झाली की भंगारात जाते. स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीने कोकणातल्या किती माळ्यांवरचं तांबं-पितळ नेलं, त्याचा हिशेब लागायचा नाही.

तरी हा हिशेब ज्यांनी वेळेवर मांडला अशी माणसं आपल्याकडे झाली. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच ओळखलं की राजांच्या तलवारी सगळेच जपतील, अडकित्ता कोण जपणार? दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं राहिलेलं त्यांचं राजा केळकर संग्रहालय आजही बघताना पहिला धक्का बसतो तो दालनांच्या संख्येने नव्हे, तर ‘अरे, हे आमच्याकडे होतं’ या ओळखीने. दक्षिणेला गेलात तर बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ मध्ये उघडलेलं ‘गोवा चित्र’ आहे, शेतीची, घरकामाची, कारागिरांची हजारो जुनी अवजारं घेऊन. नेवरी गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही नाताळला होते, तेव्हा मालवण-गोवा रस्त्यावर कातण्याची भाषा बदलत नाही, फक्त सण बदलतो.

आता ते दोघांनाही नकोसं असण्याचं.

नाणी जमवणाऱ्याला विचारलं तर भोक पाडलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. दात पाडलेलं तर विचारूच नका. त्याच्या शास्त्रात पहिला नियम: नाणं कधीही घासायचं नाही. त्याच्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट-तपकिरी थर हेच त्याचं वय आणि तेच त्याचं मोल. उलट स्वयंपाकघराचं शास्त्र म्हणतं, वर्षातून दोनदा चिंच आणि राखेने घासल्याशिवाय तांब्याची वस्तू घरात ठेवायची नाही. एक माणूस ज्याला मोल म्हणतो त्याला दुसरा मळ म्हणतो. आमचं कातणं या भांडणात दरवर्षी स्वयंपाकघराच्या बाजूने निवाडा देतं. कंपनीच्या ढालीजवळचे सिंह चिंचेने कधीच पुसले गेलेत. तागडी टिकली ती दांडीच्या चिरेत आडोशाला असल्यामुळे.

भांडी जमवणाऱ्याला वेगळी अडचण. त्याला ‘अस्सल’ पाहिजे, आणि जोडकाम त्याला अस्सल वाटत नाही. दांडी एकाची, चाक दुसऱ्याचं, रिव्हेट तिसऱ्याने बदललेलं. पण या वस्तूंचं खरं आयुष्यच जोडकामाचं आहे. ज्या कातण्याचं काहीच बदललेलं नाही ते एकतर वापरलेलं नाही, नाहीतर गेल्या वर्षी केलेलं आहे.

गेल्या वर्षी केलेली बरीच निघतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, त्यानंतर ‘अँटिक’ या शब्दाला इथे बरे दिवस आले. एका दुकानात मला तांब्याच्या नाण्याचं कातणं दाखवलं, अगदी काळंभोर. नाण्यावर मारुती आणि १८१८ साल. अशी मारुतीची, रामदरबाराची ‘कंपनीची नाणी’ कंपनीने कधी पाडलीच नाहीत. त्या देवळांबाहेर विकायला नंतर केलेल्या चकत्या आहेत. शिवाय दात सगळे एकसारखे, यंत्राने पाडलेले, आणि भोक अजून बिनचूक गोल. मी ते घेतलं नाही. दुकानदाराला वाईट वाटलं नाही, कारण मागे एक जोडपं त्याच्याकडे बघतच उभं होतं.

त्याच्याहून मोठी फसवणूक म्हणजे ‘राइस पुलर’. कंपनीच्या तांब्याच्या नाण्यात किंवा तांब्याच्या भांड्यात वीज पडून दैवी शक्ती आली आहे, ते तांदूळ ओढून घेतं, आणि परदेशी संस्था त्याला कोटी देतात, अशी थाप मारून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या गेल्या आहेत. तांदळाच्या दाण्यात लोखंडी तार घालून लोहचुंबकाचा खेळ करतात. स्वयंपाकघर, तांबं आणि पैसा यांची एवढी वाईट भेट दुसरी कुठली नसेल. जुनी नाणी लाखांना विकून देतो असं सांगून आधी ‘फी’ मागणारे वेगळेच. त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती, कारण ते चक्क बँकेचंच नाव वापरत होते.

कायद्याचंही एकदा बघून घेतलं. चालू नाणं वितळवणं, तोडणं हा गुन्हा आहे. १९७१ मध्ये सुट्ट्या नाण्यांच्या टंचाईने त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता, आणि २०११ च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गेल्या दोन दशकांत आपली चालू नाणी सीमेपलीकडे नेऊन दाढीची पाती केल्याच्या बातम्या आल्या त्या याच कारणाने: धातूची किंमत छापील किमतीच्या वर गेली. पण जे नाणं चलनातच नाही त्याला हा कायदा लागत नाही. आमच्या पैशाला मात्र दुसराच कायदा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ही पुरावस्तू, आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. काकीची मुलगी कॅनडात असते. चवथीला आली तेव्हा कातणं तिकडे न्यायचं तिच्या मनात होतं. मी तिला हा कायदा सांगितला, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तो मीच केलाय.

या नादात माझ्याकडे आज चार कातणी आहेत, एक सांडशी आहे जिच्या रिव्हेटखाली राणीचा घासलेला पैसा आहे, आणि भोकाच्या पैशांची सगळी पाच सालं आहेत, १९४३ ते १९४७. ही पाच नाणी मी प्लास्टिकच्या पाकिटांत घालून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात बाळगतो. हा बालिशपणा आहे हे मला ठाऊक आहे. १९४७ चं नाणं तर चकचकीत, बाजारात फिरलेलंच नाही असं.

यंदाच्या चवथीला नेवऱ्या झाल्या. काकी कातत होती, मी पुऱ्यांवर चून, म्हणजे सारण, ठेवत होतो. मुरड घालायला तिची बोटं आता चालत नाहीत, म्हणून सगळ्या कातण्याच्याच. कड नीट बसली नाही तर चून तेलात उतरतं आणि पुढच्या सगळ्या नेवऱ्या काळ्या होतात, म्हणून ती प्रत्येक नेवरीची कड दोनदा चाचपते. कापून उरलेल्या पट्ट्यांचा गोळा करून शेवटची एक वेडीवाकडी नेवरी झाली. ती पोरांची.

संध्याकाळी कातणं पुसून, खोबरेल तेलाचं बोट लावून डब्यात गेलं. झाकण लावताना मूठ हातात आली. तिच्या बुडाशी काहीतरी असायचं ते झिजून तुटलं होतं, स्क्रू कितीही आवळला तरी मूठ डगडगत होती. काकीने स्क्रू दातांत धरला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

“भोकाचो पैसो असा मा तुझ्याकडे?”

मी पाकीट काढलं. १९४३ चा शोधत होतो, सर्वात झिजलेला. मिळेना, आणि हात पुढेच होता. शेवटी जे आधी हाताला लागलं ते प्लास्टिकमधून काढून दिलं. तिने ते मुठीखाली सरकवलं, स्क्रू घातला, सुरीच्या टोकाने आवळला, आणि मूठ दोनदा हलवून बघितली. हलली नाही. डबा माळ्यावर चढवायला तिने मला स्टुलावर उभं केलं.